समोरच्या बाईंचं निदान

खेडच्या बाजारात गंगारामइतका ताकदवान हमाल दुसरा नाही, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणत असे. तो माझा पेशंट होता. बारा वर्षं मी त्याला ओळखत होतो, त्याच्या बापाच्या दम्यापासून त्याच्या पोरांच्या गोवरापर्यंत सगळं माझ्याच हातून गेलं होतं. तरी त्याला काय झालंय ते मला कळलं नाही. ते कळलं माझ्या दवाखान्यासमोर नव्याने आलेल्या बर्वेबाईंना, आणि तेही त्यांनी त्याला तपासण्याआधी.

चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीवर लिहा म्हटल्यावर माणूस आपण वाचवलेले पेशंट आठवतो. माझ्याकडेही तसे आहेत. साप चावलेले, विहिरीत पडलेले, आडवं मूल अडलेल्या बाया. ते सगळं मी लग्नाकार्यात इतकं सांगितलंय, की आता त्यातलं खरं किती ते माझं मलाच सांगता येत नाही. गंगारामची गोष्ट मात्र मी पूर्ण अशी कुणालाच सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी साधा एमबीबीएस. एमडी करायचं होतं, पण वडील अचानक गेले, धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून खेडला येऊन दवाखाना टाकला. औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोस दाखवायचे ते दिवस. स्टेथोस्कोप, ब्लडप्रेशरचं यंत्र, एक टॉर्च आणि उकळत ठेवलेल्या सुया एवढ्यावर आमचं राज्य चालायचं. आणि ते राज्यच होतं. तालुक्यातून एसटीने लोक यायचे. मी 'काही नाही, बरा होशील' म्हटलं की निम्मा आजार तिथेच पळायचा.

मग एका बँकेचे नवे मॅनेजर बदलून आले आणि त्यांच्या पत्नीने माझ्या समोरच्या माडीवर पाटी लावली. डॉ. सौ. नलिनी बर्वे, एम.डी. मुंबईच्या कॉलेजातल्या, वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. पाटीवरची ती दोन अक्षरं माझ्या खुर्चीतून सरळ दिसायची.

पहिले सहा महिने मी रोज त्यांच्या जिन्याच्या पायथ्याशी किती चपला आहेत ते मोजत असे. आधी दोन-तीन जोड, मग सात, मग एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मोजता येईनात. एकदा पोस्टमनने त्यांच्याकडे येणारं वैद्यकाचं मासिक चुकून माझ्याकडे टाकलं. मी ते वाचलं नाही आणि परतही केलं नाही. तीन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं आणि मग कंपाउंडरकडून पाठवून दिलं. त्यांनी वर आभाराची चिठ्ठी पाठवली. सुमन, माझी बायको, एकदा जेवताना म्हणाली, "बाई स्वभावाने किती साध्या आहेत हो."

"साध्या कशाला? नवीन आहेत. नवी केरसुणी सगळ्यांचीच चांगली झाडते."

"तुम्हाला त्यांचं बरं बघवत नाही," सुमन म्हणाली आणि आमटी वाढायला लागली. तिने ते रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

त्या वर्षी शिमग्यात गंगारामच्या गावात एक प्रकार घडला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर नेतात आणि ढोलाच्या तालावर खांद्यावर नाचवतात. गंगारामने वयाच्या विसाव्या वर्षापासून पालखीला खांदा दिलेला. त्या दिवशी नाचवताना त्याचे गुडघे दुमडले आणि पालखी खाली आली. जमिनीला लागली नाही, दुसऱ्यांनी सावरली. पण गाव हबकलं. देवीला हे मान्य नाही, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, हा प्यायला असणार. गंगाराम आयुष्यात कधी प्यायला नव्हता.

तो माझ्याकडे आला. बाकड्यावर बसला तर बाकडं भरून गेलं.

"डाक्टर, अंगात ताकद नाय उरली. पोतं उचलतंय तर खांद्यापासून हात गळतत. जिना चढताना मांड्या भरून येतत. डोकं दुखतंय, घाम तर असा येतो की सदरा पिळून काढावा."

मी त्याच्याकडे पाहिलं. रुंद जबडा, जाड मनगटं, पंजा एवढा की माझे दोन्ही हात त्यात मावतील.

"अरे, हत्तीसारखा तुझा देह आणि ताकद नाही म्हणतोस?" मी हसलो. "मनानं घेतलंयस तू. शिमग्याचा धसका."

जीवनसत्त्वांची इंजेक्शनं दिली, अंडी खायला सांगितली. पुढच्या आठवड्यात त्याच्या गावचे मानकरी आले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "त्याला आजार काय हाय?" मी म्हणालो, "आजार नाही काही. हिंमत गेलीय." डॉक्टरचं वाक्य गावात गेलं की त्याचा दाखला होतो. गंगाराम आजारी नाही, कामचुकार आहे, असं त्या दिवसापासून ठरलं. पालखीचा खांदा दुसऱ्याला गेला.

पावसाच्या तोंडावर बर्वेबाई माहेरहून परत आल्या. एसटी स्टँडवर त्यांची ट्रंक उचलायला गंगारामच पुढे झाला. त्याने ट्रंक डोक्यावर घेतली आणि दोन पावलांत खाली ठेवली. "जरा दम घेतंय बाई," म्हणाला. बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. तिथेच, स्टँडच्या पत्र्याखाली त्यांनी त्याला विचारलं, "बोटात अंगठी घालत होता का?"

"व्हती लग्नातली. रुतायला लागली म्हणून सोनाराने कापून काढलान."

"आणि चपला?"

"त्याचं काय सांगू! दर दोन वर्षांनी मोठ्या कराव्या लागतत. चांभार म्हणतो, चाळिशीला आलेल्या माणसाचा पाय वाढतो कसा?"

हे सगळं मला गंगारामनेच सांगितलं. सांगताना त्याला गंमत वाटत होती. बाईंनी त्याला दवाखान्यात बोलावलं, जुना फोटो असेल तर घेऊन ये म्हणाल्या. त्याच्याकडे लग्नातला एक होता. त्या फोटोतला माणूस आणि हा माणूस सख्खे भाऊ वाटतील, पण एकच वाटणार नाहीत. नाक, जबडा, भुवईचं हाड, सगळं हळूहळू वाढत गेलेलं. मी त्याला बारा वर्षं पाहत होतो, दर महिन्या-दोन महिन्यांनी, म्हणून मला काही दिसलं नाही. रोजच्या माणसात होणारा बदल दिसत नाही. ही सबब नाही, हे खरंच असंच असतं, पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण पुस्तकातलं वाक्य आपल्यावर शेकतं तेव्हा त्याचा काही उपयोग होत नाही.

वाचकांना थोडं समजावून सांगतो. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पियूषिका. ती शरीराच्या वाढीचं संप्रेरक सोडते. लहानपणी त्याने हाडं लांब होतात. मोठेपणी उंची वाढायची थांबते, पण संप्रेरकाचं काम थांबत नाही. झिजलेले स्नायू भरून काढायला ते लागतंच. ते कमी पडलं तर स्नायू रोडावतात, अंगावर चरबी चढते, माणूस थकतो. आणि त्या ग्रंथीत गाठ होऊन ते जास्त व्हायला लागलं, तर हातपाय, जबडा, जीभ वाढतात आणि स्नायूही फुगतात. गंमत अशी, की फुगलेल्या स्नायूंत ताकद नसते. भिजून फुगलेली फळी जाड दिसते, पण पाय दिला की खचते, तसं. गंगाराम जेवढा दांडगा दिसत होता तेवढा तो दुबळा होत चालला होता, आणि मी त्याच्या दांडगेपणाकडे बोट दाखवून त्यालाच खोटं पाडत होतो.

बाईंनी त्याची लघवी तपासली, साखर निघाली. डोक्याचा एक्स-रे काढायला लावला, ग्रंथीची खोबण रुंदावलेली होती. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नावाने पत्र लिहिलं आणि मला वेगळं एक पाठवलं. "आपला जुना पेशंट आहे, आपल्या सल्ल्यानेच पुढे जावं असं वाटतं." इतकं अदबीचं पत्र. मला ते थपडेसारखं लागलं.

गंगाराम दोन्ही कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई म्हणतात मुंबईला जा, डोक्यात गाठ हाय. नाकातून ऑपरेशन करतील म्हणतात. मला काय कळंना. तुमी माज्या बापाचं केलंत, पोरांचं केलंत. तुमी सांगाल तसं."

त्या वेळी मला कळलं होतं. हे मी लिहून ठेवतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला उलट सांगत आलो. पत्र वाचल्याबरोबर, त्याच्या हाताकडे पुन्हा पाहिल्याबरोबर मला कळलं, की बाईंचं बरोबर आहे. आणि मी म्हणालो, "एवढी घाई नको. मुंबईचे लोक लगेच चाकूच काढतात. गणपती होऊ देत, मग बघू."

गणपती झाले. मग मी म्हणालो, नवरात्र होऊ दे.

मधे एकदा पोस्टात बाई भेटल्या. "त्या गंगारामचं काय झालं? गेला का मुंबईला?"

"बघतोय मी," मी म्हणालो.

"डोळ्यांवर लक्ष ठेवायला हवं त्याच्या."

"हो हो, माहितीय," मी म्हणालो आणि तिकीट चिकटवायला वळलो. पाकिटाला तिकीट आधीच लावलेलं होतं.

भातकापणी चालू होती तेव्हा गंगाराम उजव्या भुवईवर मोठी खोक घेऊन आला. दाराच्या चौकटीला आपटला होता. मी टाके घातले. आठ दिवसांनी पुन्हा आला, डावा खांदा खरचटलेला. बाजारात सायकलवाला बाजूने आला, तो दिसलाच नाही. सोबत त्याची बायको सावित्री होती. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "डाक्टर, हे पुढ्यातलं बघतात, पण बाजूला बसलेलं माणूस ह्यांना दिसत नाय. परवा मी पानात भाकरी ठेवली, बाजूला, तर म्हणतात भाकरी कुठाय."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. गंगारामला समोर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं. मग माझं बोट त्याच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांग."

बोट पुढे येत राहिलं. जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आता."

दुसऱ्या डोळ्याचं तेच. ती ग्रंथी डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्यांच्या अगदी खाली असते. गाठ वर वाढली की आधी दोन्ही बाजूंची नजर जाते, मग सगळीच. जूनमध्ये बाईंनी त्याची नजर तपासली होती, ती ठीक होती. पत्रात तसं लिहिलेलं होतं.

मी त्याला तिथेच बसवून रस्ता ओलांडला. तो रस्ता बारा पावलांचाही नसेल. दोन वर्षांत मी तो एकदाही ओलांडला नव्हता. बाईंच्या जिन्यावर चपलांच्या गर्दीत माझ्या चपला काढल्या आणि वर गेलो.

"गंगारामची बाजूची नजर गेलीय," मी म्हणालो.

बाई उठून उभ्या राहिल्या. "कधीपासून?"

"महिनाभर असेल. जास्तही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी लिहायचं पॅड ओढलं. "मी पुन्हा पत्र देते. उद्याच निघायला हवं. त्याच्याबरोबर कोण जाईल? त्याला तिथे काही बोलता येणार नाही."

"मी जातो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. मी, गंगाराम आणि सावित्री. माझ्या दवाखान्याला बारा वर्षांत पहिल्यांदा पंधरा-वीस दिवस कुलूप लागलं. मुंबईत सगळं बाईंनी लिहिल्याप्रमाणेच झालं. साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. साखर प्याल्यावर हे संप्रेरक उतरायला हवं, त्याचं उतरेना. मेंदूचा स्कॅन झाला. गाठ दिसली, चांगली बोराएवढी. तिथले सर्जन उंच, घाईतले गृहस्थ होते. फिल्म खिडकीशी धरून म्हणाले, "खेडहून आलात? तिथे हे कुणी ओळखलं?"

सावित्री माझ्याकडे बघत होती. बाईंचं पत्र फाइलमध्ये माझ्या हातात होतं.

"आम्हीच," मी म्हणालो.

व्याकरणाने ते खोटं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. नाकावाटे गाठ काढली. चौथ्या दिवशी गंगारामने मला सांगितलं की डोकं दुखायचं थांबलंय, इतकं की त्याला भीती वाटतेय. घाम कमी झाला. हाताची सूज आठवड्यात उतरली, बोटं जराशी बारीक झाली, तर तो ती सारखी उलटसुलट करून बघत बसायचा. डावीकडची नजर जवळजवळ पूर्ण परतली. उजवीकडची बाजू परतली नाही. सर्जन मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर बहुतेक तीही आली असती. पण खेड्यातले लोक ऐकत नाहीत, नाही का?"

"नाही ऐकत," मी म्हणालो.

खेडला परत आलो तर बातमी आधीच पोचलेली. मी हमालाच्या डोक्यातली गाठ ओळखली, मुंबईला घेऊन गेलो. माझ्या दाराशी पुन्हा चपला वाढल्या. व्यायामशाळेत दंड काढणारा एक किराणा दुकानदार, बाळाशेठ, खास भेटायला आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "डॉक्टर, ते गंगारामच्या अंगात जास्त झालं ना, त्याचं इंजेक्शन मिळतं म्हणे. मला थोडं द्या की. दंड भरतील."

मी त्याला सगळं नीट समजावलं. फुगणं म्हणजे ताकद नव्हे. ज्या मुलांच्या अंगात हे तयारच होत नाही त्यांच्यासाठी ते औषध, आणि तेसुद्धा मेलेल्या माणसांच्या ग्रंथींतून काढत असत, इतकं दुर्मिळ. निरोगी माणसाने घेतलं तर साखर वाढेल, हृदय वाढेल, सांधे जातील. भिजलेल्या फळीचं ते उदाहरणही दिलं. बाळाशेठ अगदी भारावून गेला. "तुमच्यासारखं समजावणारा डॉक्टर नाही," म्हणाला. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य बर्वेबाईंचं होतं, मुंबईला निघायच्या आधी त्यांनी गंगारामला आणि मला शेजारी बसवून सांगितलेलं. फळीसुद्धा त्यांचीच.

पुढच्या शिमग्याला गंगारामच्या गावाने मला बोलावलं. बाईंनाही आमंत्रण होतं, मॅनेजरसाहेबांमुळे. देवळासमोर मांडव होता. गंगाराम पुष्कळ सुधारला होता. पोतं उचलत नव्हता, पण जिना चढत होता, शेतात काम करत होता. पालखी नाचवायची त्याला अजून परवानगी नव्हती. गावाने त्याला पालखीच्या दांड्याला हात लावून बरोबर चालू दिलं. तेवढ्यानेच त्याचा चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना.

मग मानकऱ्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. गंगारामला चार शब्द बोलायला सांगितलं. त्याने हात जोडले.

"सगळी म्हणत व्हती मी चुकारपणा करतंय. माज्या डाक्टरानं डोळ्याम्होरं बोट धरून माजं दुखणं वळखलान. माज्यासंगं मुंबईला आला, आठ दिस माज्या उशाशी बसला. माजा देव हाय तो."

टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बर्वेबाई बसल्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. नारळ माझ्या हातात होता. मी देवीचा जयजयकार केला, गावाचे आभार मानले, गंगारामच्या सोशिकपणाचं कौतुक केलं आणि खाली बसलो.

घरी आल्यावर सुमनने ती शाल घडी घालून कपाटात ठेवली. ती मी कधी पांघरली नाही, आणि तिने कधी काढून दिली नाही.

मे महिन्यात मॅनेजरसाहेबांची बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी बाई स्वतः माझ्या दवाखान्यात आल्या. मागे गड्याने एक लाकडी खोका आणून ठेवला. "माझ्या पेशंटांची कार्डं आहेत," त्या म्हणाल्या. "आता हे सगळे तुमच्याकडेच येतील. प्रत्येकाचं थोडंफार लिहून ठेवलंय, तुम्हाला शोधत बसायला नको." मी त्यांना चहा विचारला. त्यांना आवराआवर करायची होती. दारापर्यंत सोडायला गेलो. तिथे मी 'बाई' एवढंच म्हणालो. त्या थांबल्या. मी म्हणालो, "गाडीत पाणी घेऊन बसा, घाटात ऊन लागतं."

त्या गेल्यावर मी खोका उघडला. कार्डं अक्षरानुक्रमे लावलेली. ग शोधला. त्यांचं ते सरळ, स्वच्छ इंग्रजी अक्षर. पहिल्या भेटीची तारीख, लक्षणं, निदान, मुंबईला पाठवल्याची नोंद. त्याखाली ऑपरेशन, नजर किती आली, किती नाही. आणि मधल्या महिन्यांच्या मोकळ्या जागेत एकच ओळ होती.

'मुंबईला जायला चार महिने उशीर. कारण विचारलं नाही.'

त्यांच्या जागी मी असतो तर विचारलं असतं, चारचौघांत विचारलं असतं, आणि कार्डावर उत्तरही लिहिलं असतं. बाईंच्या एमडीचा मला हेवा होता, त्यांच्या जिन्यावरच्या चपलांचा होता. पण खरा, काळीज जाळणारा हेवा मला आयुष्यात एकदाच वाटला, तो त्या ओळीचा.